एडिटरातलं शेल 'खोटं' असतं म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एक मेसेज आला, तोच संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या ग्रुपवरही आला. मथळा असा: 'एडिटरच्या आत टर्मिनल चालवणं ताबडतोब बंद करा.' खाली सहा मुद्दे. ते शेल खोटं असतं. त्यात टॉप, लेस असले सगळी खिडकी व्यापणारे प्रोग्राम चालत नाहीत. एडिटर पडला की काम गेलं. ते हळू असतं. पासवर्ड उघडा पडतो. आणि शेवटी, युनिक्सचं तत्त्वच आहे की एका अवजारानं एकच काम करावं. खरे प्रोग्रामर म्हणे असलं काही वापरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कबाहेर तर्री पोहे खाताना आमच्या टीममधला नवा पोरगा म्हणाला, "सर, आपण दोघंही दिवसभर तेच तर करतो. आपण येडेच आहो का मग?" मी गेली कित्येक वर्षं ईमॅक्समध्ये शेल उघडून बसतो, तो व्हीएस कोडमध्ये; दोन्ही कोड लिहायचे एडिटर. त्याला पोह्याच्या प्लेटवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतो.

'ते शेल खोटं असतं.' या एका वाक्यात तीन गोष्टींचा काला झालाय. शेल म्हणजे बॅश किंवा झेडशेल: आपली आज्ञा वाचणारा, प्रोग्राम सुरू करणारा प्रोग्राम. टर्मिनल म्हणजे अक्षरं दाखवणारी आणि कळा पोचवणारी खिडकी. एडिटर तिसरा. लिनक्समध्ये शेल आणि खिडकी यांच्यात कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यानं, दिलेली एक जोडी असते, स्यूडो-टर्मिनल, बोलीभाषेत पीटीवाय. तिच्या एका टोकाला शेल बसतं, दुसऱ्या टोकाला खिडकी. त्या दुसऱ्या टोकाला ग्नोम टर्मिनल आहे, व्हीएस कोड आहे की ईमॅक्स, याच्याशी शेलला काही देणंघेणं नसतं. विश्वास नसेल तर नेहमीच्या टर्मिनलमध्ये 'टीटीवाय' ही आज्ञा द्या, /डेव्ह/पीटीएस/२ असं काहीतरी येईल. मग एडिटरातल्या शेलमध्ये तीच द्या. /डेव्ह/पीटीएस/३. एकाच गल्लीतली दोन घरं. बॅश दोन्हीकडे तेच, त्याच फाइलीतून सुरू झालेलं.

दोन ठिकाणी मात्र मेसेजवाल्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ती त्यानं सांगितलेलीच नाहीत. पहिलं ईशेल. जॉन वीग्ली यांनी लिहिलेलं हे शेल ईमॅक्सच्या पोटातच आहे, पूर्ण ईमॅक्सच्याच भाषेत, ईमॅक्स लिस्पमध्ये. तिथे बॅश कुठेच नसतं, आणि '<' लावून फाइलीतून इनपुट द्यायला गेलात तर ते नाही म्हणतं. त्याला खोटं म्हणायचं तर म्हणा, मी निराळं म्हणेन. दुसरं विंडोज. तिथे ईमॅक्सचं साधं शेल पीटीवायवर नाही, साध्या पाइपवर चालतं. त्यामुळे पायथन नुसतं सुरू केलं तर प्रॉम्प्टच, म्हणजे 'आता टाइप करा' अशी खूणच, दिसत नाही, कारण पायथनला वाटतं समोर माणूस नाही, फाइल आहे. 'मायनस आय' लावलं की बोलायला लागतं. व्हीएस कोडला विंडोजवर ही अडचण येत नाही, तो २०१८ पासून विंडोजमध्ये आलेली कॉनपीटीवाय ही सोय वापरतो.

'टॉप, लेस चालत नाहीत.' कुठल्या शेलमध्ये? व्हीएस कोड, तसेच व्हिम आणि त्यातून निघालेला निओव्हिम हे एडिटर, यांच्या टर्मिनलमध्ये टॉप काय, एचटॉपही मजेत चालतो. ईमॅक्समध्येही 'ॲन्सी-टर्म' आणि 'व्हीटर्म' आहेत, त्यांत चालतो. व्हीटर्मच्या खाली लिबव्हीटर्म नावाची सी लायब्ररी आहे, निओव्हिमचं टर्मिनलही तिच्यावरच उभं आहे. तक्रार लागू पडते ती फक्त ईमॅक्सच्या साध्या 'शेल'ला, आणि तिथे ते मुद्दाम केलेलं आहे. ईमॅक्स त्या शेलला सांगतो की तुझं टर्मिनल 'डंब' आहे, म्हणजे कर्सर हवा तिथे उडवता येत नाही असं. म्हणून तिथे गिट लॉग (कोडमधल्या बदलांचा इतिहास दाखवणारी आज्ञा) चालवलं की लेस कुरकुरतो, 'वॉर्निंग: टर्मिनल इज नॉट फुली फंक्शनल', आणि एंटर दाबायची वाट बघत बसतो. नवखा माणूस इथेच घाबरून शेल बंद करतो.

आता जरा थांबून विचार करा, लेस कशासाठी असतो? टर्मिनलमध्ये लांब आउटपुट वर निघून जातं, ते पानापानानं वाचायला आणि त्यात शोधायला. ईमॅक्सच्या शेलमध्ये सगळं आउटपुट आधीच बफरमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात पडलेलं असतं. वर जा, शोधा, कापा, दुसऱ्या फाइलीत चिकटवा. लेसच्या जागी पेजर म्हणून सगळं एकदम ओतणारा 'कॅट' ठेवायचा, संपलं. मेसेजवाला ज्याला अडचण म्हणतो ती माझ्यासाठी या शेलची सगळ्यात मोठी सोय आहे, त्यामुळे थोडं जवळून दाखवतो.

परवा एका क्लायंटच्या सर्व्हरवर बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवायचं काम, फसलं, आउटपुट आठशे-नऊशे ओळींचं. शेलमध्ये कंट्रोल-सी, कंट्रोल-पी दाबलं की कर्सर थेट मागच्या प्रॉम्प्टवर जातो. तिथून 'एरर' शोधला. त्या आधी 'कॉम्पिलेशन-शेल-मायनर-मोड' चालू केला होता, त्यामुळे फाइलीचं नाव आणि ओळीचा नंबर दिसला की तिथेच एंटर मारायचा, समोरच्या खिडकीत ती फाइल त्या ओळीवर उघडते. दुरुस्त केलं. मग आज्ञा पुन्हा टाइप करायची गरज नाही: वर जुन्या प्रॉम्प्टवर जिथे ती लिहिली होती तिथेच कर्सर ठेवून एंटर दाबला, तीच आज्ञा खाली उतरून पुन्हा चालली. नको असलेलं आउटपुट कंट्रोल-सी, कंट्रोल-ओ दाबून उडवलं. टीममधल्या त्या पोराला व्हीएस कोडमध्ये यातलं बरंचसं मिळतं. कंट्रोल धरून फाइलीच्या नावावर क्लिक केलं की तीच ओळ उघडते. या सगळ्यात माऊसनं ओळी निवडून कॉपी करण्याचा प्रकार एकदाही झाला नाही.

'एडिटर पडला की काम गेलं.' खरं आहे. पण टर्मिनलची खिडकी बंद केली तर काय होतं? तेच. पीटीवायचं खिडकीकडचं टोक बंद झालं की कर्नल शेलला हँगअप सिग्नल पाठवतो, आणि शेलनं सुरू केलेलं कामही बहुतेक वेळा त्याच्यासोबत जातं. खिडकी एडिटरची होती की कोणाची, कर्नल विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी वादळ आलं, घरची लाइट गेली, इन्व्हर्टरवर कूलर आणि कॉम्प्युटर दोन्ही होते (चूक माझीच), इन्व्हर्टरनं मान टाकली. माझा ईमॅक्स गेला, शेजारी उघडं असलेलं साधं टर्मिनलही गेलं. वाचलं ते फक्त सर्व्हरवर टीमक्समध्ये (खिडकी गेली तरी शेल जिवंत ठेवणारा प्रोग्राम) चालू असलेलं काम. लांबचं काम टीमक्समध्ये चालवा, मग ते एडिटरातून चालवा की बाहेरून. उलट व्हीएस कोडची खिडकी नुसती रीलोड केली तर त्याचं टर्मिनल टिकून राहतं, कारण शेल वेगळ्या प्रोसेसमध्ये सांभाळलेलं असतं.

हळू असतं हा मुद्दा ईमॅक्सच्या बाबतीत मान्य. त्यात लिस्पचं काम एका वेळी एकच चालतं, आणि लाखभर ओळींचा लॉग एकदम आत ओतला तर टायपिंगही अडखळतं. फार लांब ओळींनी तर पूर्वी तो गोठायचाच. २०२३ मध्ये आलेल्या ईमॅक्स २९ पासून ते पुष्कळ सुधारलं. शिवाय शेलच्या बफरला मुळात ओळींची मर्यादा नसते. व्हीएस कोड सांगितलं नाही तर हजारच ओळी मागे ठेवतो. तुलना करताना हेही सांगायला हवं.

पासवर्डचा मुद्दा सहापैकी सगळ्यात दमदार, आणि मेसेजमध्ये त्याला अर्धी ओळ! ईमॅक्सच्या शेलमध्ये आपण टाइप करतो ते शेलकडे जाण्याआधी बफरमध्ये उमटतं. म्हणून ईमॅक्स आउटपुटवर नजर ठेवतो, 'पासवर्ड:' सारखं काही दिसलं की खालच्या पट्टीत वेगळं विचारतो आणि अक्षरं लपवतो. पण एखाद्या प्रोग्रामनं ठरावीक शब्द सोडून काही भलतंच विचारलं, तर ते ओळखलं न जाण्याची आणि पासवर्ड बफरमध्ये ढळढळीत दिसण्याची शक्यता असते. त्यासाठी 'कॉमिंट-सेंड-इनव्हिजिबल' नावाची आज्ञा आहे, ती चालवून मगच पासवर्ड द्यावा. व्हीएस कोड, व्हिम, व्हीटर्म यांत हा प्रश्न नाही, तिथे कळा थेट पलीकडे जातात.

राहिलं युनिक्सचं तत्त्व. या बाजूनं मेसेजवाल्याला एक जोरदार साक्षीदार मिळाला असता. व्हिमच्या मॅन्युअलमध्येच कित्येक वर्षं लिहिलेलं होतं की व्हिम म्हणजे शेल नव्हे आणि ऑपरेटिंग सिस्टीमही नव्हे, त्याच्या आत शेल चालवता येणार नाही. व्हिमचे कर्ते ब्राम मोलेनार यांची ती ठरवून घेतलेली भूमिका होती. निओव्हिमनं २०१५ मध्येच टर्मिनल आत घेतलं. आणि मे २०१८ मध्ये व्हिम ८.१ आलं, त्यातली सगळ्यात मोठी नवी गोष्ट कोणती? टर्मिनलची खिडकी. सोबत जीडीबी डीबगर (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं अवजार) व्हिमच्या आतून चालवायचं प्लगिनही. नको म्हणणाऱ्यानंच शेवटी स्वतः बसून ते लिहिलं. आणि त्याच्याही आधी, व्हिमचा पूर्वज व्हीआय याच्यात '!' लावून परिच्छेद ओळी क्रमानं लावणाऱ्या 'सॉर्ट'मधून गाळून घ्यायची सोय होतीच. एडिटर आणि शेल यांचं येणंजाणं जुनंच, आता मधला दरवाजा उघडा ठेवला एवढंच.

'खरे प्रोग्रामर' या शब्दावर मी वेळ घालवत नाही.

माझी खरी तक्रार या मेसेजमध्ये नव्हतीच. ईमॅक्समध्ये ट्रॅम्पनं (दूरच्या मशीनवरच्या फाइली उघडायची सोय) सर्व्हरवरची फाइल उघडली आणि त्या फाइलीत असताना नवं शेल मागितलं, तर ते शेल सर्व्हरवर सुरू होतं. बहुतेक वेळा हेच हवं असतं. एकदा मात्र मी ते विसरलो, आपल्याच मशीनवर आहे असं समजून जुने लॉग पुसले, आणि पाच मिनिटांनी क्लायंटचा फोन. सगळे सांगतात तो उपाय केला, सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल. पण उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) मूळ सेटिंगमध्ये प्रॉम्प्टला रंग द्यायचा की नाही हे टर्मिनलच्या नावावरून ठरतं, आणि माझ्या शेलचं टर्मिनल 'डंब'. रंग आलाच नाही. शेवटी प्रॉम्प्टमध्येच मशीनच्या नावाआधी 'सर्व्हर, जपून' असं लिहून ठेवलं. पोरानं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याही प्रॉम्प्टमध्ये तेच, फक्त 'जपून'च्या जागी 'जपून बे'.