थेट शूटआउट लावणाऱ्या रसिकांसाठी काही सूचना

२०२२ सालच्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे, म्हणजे कतारच्या लुसैलमधल्या अर्जेंटिना-फ्रान्स लढतीचे संपूर्ण चित्रीकरण मी परवा मोठ्या हौसेने लावले होते. पहिला गोलही झाला नव्हता, तोच शेजारी बसलेल्या एका स्नेह्यांनी फर्मावले, "अहो, हे सगळे पुढे सरकवा आणि थेट पेनल्टी लावा. निकाल तिथेच लागतो ना?" या वाक्याने माझे डोळे उघडले. आपलाही वेळ माझ्यासारखा वाया जाऊ नये, म्हणून या सूचना.

सर्वप्रथम, आधीची १२० मिनिटे कटाक्षाने टाळावीत. दोन गोलांनी मागे पडलेल्या फ्रान्सला एम्बापेने ८०व्या आणि ८१व्या मिनिटाला बरोबरीत आणले, जादा वेळेत मेस्सीने पुन्हा आघाडी मिळवून दिली, एम्बापेने तीही फेडली आणि अगदी अखेरच्या क्षणी फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझने पाय लांबवून अडवला. असल्या किरकोळ घडामोडींत आपल्यासारख्या जाणकाराने का अडकावे?

शूटआउट, म्हणजे बरोबरीनंतर दोन्ही संघ आळीपाळीने पाच-पाच पेनल्टी मारतात तो भाग, सुरू झाल्यावरच खोलीत यावे आणि पडद्यासमोर उभे राहून "आपण कोणाच्या बाजूने?" असे विचारावे.

त्यानंतर "शेवटी सगळा नशिबाचा खेळ" हे वाक्य उच्चारावे. १९६८च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना खरोखरच नाणे उडवून निकाली काढला गेला होता आणि असले प्रकार थांबावेत म्हणूनच १९७०मध्ये शूटआउटचा नियम आला, हे कोणी सांगू लागल्यास त्याच्याकडे दयेने पाहावे. १९७६च्या युरो अंतिम सामन्यात झेप घेतलेल्या पश्चिम जर्मनीच्या गोलरक्षक सेप मायरला चकवून चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने मधोमध अलगद उचललेला चेंडू, तोही अर्थातच नशिबाने आत गेला.

गोलरक्षकाने फटका अडवला, तर श्रेय त्याला मुळीच देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पराभवासाठी एकच गुन्हेगार निवडावा आणि शक्यतो शेवटचा फटका मारणाराच निवडावा, म्हणजे आधीचे काही लक्षात ठेवावे लागत नाही. १९९४च्या विश्वचषकात बाद फेरीत पाच गोल करून रोबेर्तो बाज्जोने इटलीला ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यापर्यंत आणले, हे विसरावे; तिथल्या शूटआउटमध्ये त्याच्याआधी त्याचे सहकारी बारेसी आणि मास्सारो हेही चुकले होते, हेही विसरावे. बाज्जोचा फटका आत गेला असता, तरी केवळ ३-३ अशी बरोबरी झाली असती आणि ब्राझीलचा पाचवा फटका शिल्लकच होता, इतका साधा हिशेब तर चुकूनही करू नये. "अकरा मीटरवरून कोणीही मारील" असे म्हणावे. जरूर म्हणावे! दोन तास धावून पायांत गोळे आलेले असताना, मध्यरेषेपासून एकट्याने चालत जाऊन, साऱ्या देशाची नजर पाठीवर घेऊन तुम्ही कधी चेंडू ठेवला आहे का त्या ठिपक्यावर?

२०२१मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, इटलीविरुद्धच्या युरो अंतिम सामन्यात, इंग्लंडच्या रॅशफर्ड आणि सांचो यांना जादा वेळ संपता संपता, जवळजवळ केवळ पेनल्टीसाठी मैदानात उतरवले गेले. दोघेही चुकले. पाचवा फटका आला साकाच्या वाट्याला आणि तोही चुकला. तो अवघा १९ वर्षांचा होता, आणि त्याने गोल केला असता, तरी सामना सडन डेथमध्येच, म्हणजे एकेका फटक्याच्या फरकाने निकाल लागेपर्यंत चालणाऱ्या टप्प्यातच, गेला असता. या तिघांना त्यांच्या कातडीच्या रंगावरून शिव्या घालण्यात आल्या. उपरोध पुरे झाला. शिव्या घालणारे नीच होते हे उघडच आहे, पण "इतके सोपे कसे चुकले?" असे सोफ्यावर रेलून विचारणारे तुम्हीही त्या मुलावर सगळा पराभव लादतच होता. स्वतःहून पुढे येऊन फटका मारणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? पूर्ण सामना पाहण्याची तयारी नसेल, तर दुसऱ्या दिवशी निकाल वाचा, तोंड बंद ठेवा आणि कृपा करून माझ्या हातातला रिमोट मागू नका.