पुस्तकातली माणसं कामाला जातात का?

गेल्या काही महिन्यांत हाताला लागेल ते वाचलं. कादंबऱ्या, एक रहस्यकथा, कापसाचा इतिहास, कथासंग्रह, आणि एका मित्राने प्रेमाने, म्हणजे जबरदस्तीने, हातात कोंबलेलं एक प्रेरणादायी पुस्तक. या सगळ्या वाचनाबद्दल लिही म्हणून दोघंतिघं मागे लागले होते, म्हणून हे. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर खुशाल पुढे सरका.

आधी माझा पूर्वग्रह सांगून टाकतो. मला पुस्तकातली माणसं कामाला गेलेली दिसावी लागतात. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि मराठी, वाचायची पुस्तकं मात्र सगळी मराठी. मी स्वतः टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे हिशेब लिहितो. त्यामुळे एखाद्या कादंबरीचा नायक पन्नास पानं उदास होऊन खिडकीत बसला की मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की याचे खाडे किती झाले आणि पगार कापला की नाही? अलीकडच्या कितीतरी शहरी मराठी कादंबऱ्यांत नायक ‘कंपनीत’ असतो. कंपनीत काय करतो ते शेवटपर्यंत कळत नाही. त्याला एकटेपणा आहे, पावसाळा आहे, जुनी मैत्रीण आहे. साहेब नाही, हप्ता नाही, महिनाअखेर नाही. मला अशा पुस्तकांचा राग येत नाही, पण विश्वास बसत नाही.

या निकषावर सगळ्यात वरचा नंबर एका जपानी बाईने पटकावलाय. सायाका मुराता यांची ‘कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन’ मी इंग्रजीतून वाचली. मूळ २०१६ची, अकुतागावा पारितोषिक मिळालेली, दोन बैठकांत संपेल एवढी. नायिका केइको छत्तीस वर्षांची आहे आणि अठरा वर्षं एकाच दुकानात अर्धवेळ काम करतेय. लग्न नाही, बढती नाही, आणि तिची काही तक्रारही नाही. तक्रार आहे ती बाकीच्यांची. बहीण, मैत्रिणी, मैत्रिणींचे नवरे, सगळ्यांना हिला ‘बरं’ करायचंय.

या कादंबरीबद्दल जे काही वाचलं त्यात बहुतेकांनी केइकोला विचित्र बाई म्हटलंय. मला ती अजिबात विचित्र वाटली नाही. ती उत्तम कामगार आहे. सुरुवातीचीच पानं बघा. दाराची घंटा, थंड पेटीतून एक बाटली काढली की मागची पुढे घरंगळल्याचा आवाज, गिऱ्हाइकाच्या खिशातली नाणी वाजली की पुढे काय होणार याचा अंदाज. मागाचा आवाज जरासा बदलला की धागा तुटलाय का धोटा अडकलाय हे पाठ फिरवून सांगणारी माणसं मी लहानपणापासून बघितलीत. त्यांना कुणी विचित्र म्हणत नाही. म्हणजे कसब दुकानातलं असलं आणि ते बाईच्या अंगात असलं की लगेच डॉक्टरकडे न्यायचं, असं आहे का हे? शिराहा नावाचा जो ऐतखाऊ पुरुष तिच्या घरात येऊन बसतो, तो मात्र लेखिकेने जरा जास्तच रंगवलाय. दोन फटकारे कमी मारले असते तरी तो कळला असता.

दुसरंही जपानीच. केइगो हिगाशिनो यांचं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं आणि तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. शेवट सांगणार नाही, निर्धास्त राहा. मला आवडलं ते वेगळंच. यात एक बाई जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते, गणिताचा मास्तर रोज तिथूनच डबा घेतो, आणि शाळेच्या वाटेवर नदीकाठी राहणारी बेघर माणसं त्याला रोज दिसतात. हे सगळं कथेला रंग यावा म्हणून घातलंय असं आपल्याला वाटत राहतं. नसतं. एवढंच सांगतो. आपल्याकडच्या रहस्यकथांत डिटेक्टिव्ह सोडून कुणालाच कामधंदा नसतो, सगळे बंगल्यात बसून संशयित होण्याची वाट बघत असतात.

आता ते प्रेरणादायी पुस्तक. नाव घेत नाही, मित्र दुखावेल. पहाटे पाचला उठावं, पहिला तास स्वतःला द्यावा, मग यश धावत येतं, असा एकूण मजकूर. आमच्या गल्लीतल्या बायका पिढ्यानपिढ्या पहाटेच उठतात. पाणी येणार असेल तर त्याच्याही आधी. मग स्वयंपाक, मग विडीची भिजवलेली पानं कापायची, सूप मांडीवर घेऊन हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा, मग तयार विड्या घेऊन कारखान्यात रांगेला उभं राहायचं, आणि तिथे खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्यांचं नुकसान सोसून परत यायचं. यश कुणाकडे धावत आल्याचं ऐकिवात नाही. पुस्तक मित्राला परत दिलं. त्याने विचारलं, कसं वाटलं? म्हटलं, आईला वाचून दाखवीन म्हणतो.

आणि आता मुख्य प्रकार. स्वेन बेकर्ट यांचं ‘एम्पायर ऑफ कॉटन’. २०१४चं, कापसाचा जागतिक इतिहास. ऑफिसात एक जण म्हणाला, एवढं जाडजूड काय वाचायलास बे? कापूस म्हटल्यावर हसायला लागला, कारण दिवसभर आम्ही सुताच्या बिलांतच बुडालेले असतो. पण माझ्या वहीत सुताचा जो भाव रोज लिहिला जातो, त्याच्या मागे किती शतकांची दांडगाई आहे हे मला या पुस्तकाने दाखवलं.

त्यातलं मला सगळ्यात भिडलेलं प्रकरण अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं. १८६१ ते १८६५. तोपर्यंत मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत होत्या. युद्धाने तो कापूस अडला आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत पैशांचा पाऊस पडला, युद्ध थांबल्यावर १८६५ साली तो फुगा फुटला, हे आपल्याला शाळेपासून साधारण ठाऊक असतं. बेकर्ट मात्र मुंबईत थांबत नाही. तो वऱ्हाडात जातो, खामगावला जातो. रेल्वे कशासाठी आली, गाठी बांधायचे कारखाने कसे उभे राहिले, ज्वारीच्या रानात कापूस कसा शिरला, आणि लिव्हरपूलच्या कापूसबाजारात भाव पडला की इथल्या शेतकऱ्याच्या घरात धान्य विकत आणायलाही पैसे का उरत नव्हते, हे तो टप्प्याटप्प्याने दाखवतो. खामगावच्या शेतकऱ्याचं नशीब त्याने कधी न बघितलेल्या गावचे दलाल ठरवत होते. वऱ्हाडातला शेतकरी आज कापसाच्या भावाबद्दल काय बोलतो ते ऐका आणि मग हे प्रकरण वाचा.

इथून पुढचं मी जोडतो, लेखक नाही. सोलापूरची जुनी गिरणी सुरू झाली १८७७ साली. दख्खनचा मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८. म्हणजे या जिल्ह्यात माणसं अन्नावाचून मरत होती त्याच सुमारास गिरणीचा भोंगा पहिल्यांदा वाजला. तेलंगणातून आमच्यासारखी विणकरांची घरं इकडे सरकत आली त्यामागेही दुष्काळ होतेच. आपण गिरणीचा इतिहास नेहमी मालकाच्या धाडसापासून सांगतो. कामाला इतकी माणसं इतक्या स्वस्तात कुठून मिळाली, इथून तो सांगून बघा, वेगळाच इतिहास निघतो.

पुस्तकाला नावं ठेवायला जागा आहे. लेखकाला ‘युद्ध-भांडवलशाही’, म्हणजे गुलामी, जमिनी बळकावणं आणि बळजबरी यांवर उभा राहिलेला व्यापार, ही आपली कल्पना इतकी आवडलीय की ती प्रत्येक प्रकरणात हजेरी लावते. शंभरेक पानं सहज कमी करता आली असती. आणि विणकर, पिंजारी, सूत कातणाऱ्या बायका यांचे आकडे भरपूर आहेत, आवाज फार कमी. तरी मराठीत याचा चांगला अनुवाद यायलाच हवा. आपल्याकडे उद्योगपतींची चरित्रं धडाधड अनुवादित होतात, मालाचा इतिहास मात्र कुणी करत नाही.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ उशिरा वाचली. २०२३चा साहित्य अकादमी मिळाल्यावर वाचनालयात तिच्यासाठी नंबर लावावा लागत होता. धरणामुळे उठलेलं गाव, मागे सोडून दिलेली म्हैस, आणि तिला आणायला परत निघालेला देवाप्पा. गोष्ट एवढीच. पण त्या म्हशीला आता माणूस नकोय, ती रानातली झालीय. माणूस आणि जनावर एकमेकांना जोखत राहतात ती पानं मी सावकाश वाचली, कारण खोतांची कोल्हापूरकडची बोली पळू देत नाही. सुरुवातीला अडखळलो, मग तोंडाने पुटपुटत वाचायला लागल्यावर जमलं. मधला भाग थोडा लांबलाय असं मला वाटतं, पण जनावर राखणाऱ्या माणसाला काय काय माहीत असतं, हे इतक्या बारकाईने लिहिलेलं मी फार दिवसांनी वाचलं. आपण सोलापूरकर उजनी धरणाचं पाणी पितो. चार-पाच दिवसांआड नळाला येतं म्हणून महापालिकेला शिव्या घालतो, त्या घालाव्यातच. पण त्या पाण्याखाली गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि आपण मोबाइल घेऊन फोटो काढायला जातो. ‘रिंगाण’ वाचल्यापासून ते फोटो मला बघवत नाहीत.

त्या ओघात ‘बनगरवाडी’ पुन्हा काढली. माडगूळकरांची ही १९५५ची कादंबरी मी शाळेत असताना वाचली होती. तेव्हा मेंढरं आणि माळरान एवढंच लक्षात राहिलं होतं. या वेळी वाचताना जाणवलं, की यातल्या प्रत्येक माणसाची ओळख त्याच्या कामातूनच होते. तालीम बांधायचं ठरतं आणि सगळं गाव अंगमेहनतीने ती उभी करतं, तो भाग तर गिरणीतल्या एखाद्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, हजेरीपटावरून सांगावा इतका नेमका आहे. माणदेश आमच्या सांगोल्याला लागूनच, त्यामुळे शेवटच्या दुष्काळात मला परकं असं काही वाटलं नाही. एवढ्या थोड्या पानांत एवढं मावतं, हे आजच्या चारशे पानी लेखकांनी एकदा बघावं.

बानू मुश्ताक यांचं ‘हार्ट लॅम्प’ २०२५च्या इंटरनॅशनल बुकरमुळे हातात आलं. मूळ कन्नड, दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद, बारा कथा. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, याची चुटपुट या पुस्तकाने वाढवली. शेजारच्या राज्यातल्या बाईला मी लंडनमार्गे भेटलो. यातली कफनाची गोष्ट सगळ्यात चांगली. हजला निघालेल्या श्रीमंत बाईकडे एक म्हातारी कष्टाने साठवलेले पैसे देते आणि मक्केच्या पवित्र झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवलेलं कफन आणायला सांगते. पुढे काय होतं ते वाचा. बाकी कथांपैकी काही एकाच सुरात जातात, नवरे सगळे सारखेच दिसायला लागतात. पण बायकांच्या घरातल्या कामाला ही लेखिका काम म्हणून बघते. माझ्या निकषावर त्या एका गोष्टीने पुस्तक पास.

आता माझ्या निकषाचा निकाल लावणारं पुस्तक. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९. युरोपातून पूर्वेकडे निघालेलं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू, त्यांच्यातलीच हेर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. जहाजावर प्रवाशांपैकी कुणी काही काम करत नाही. खातात, पितात, पत्ते खेळतात, प्रेमात पडतात. माझ्या हिशेबाने ही कादंबरी नापास व्हायला हवी होती. मी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये वाचत होतो आणि पुण्याला उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर बसून राहिलेली पानं संपवली. या माणसांचं काम, घर, देश, सगळं आधीच काढून घेतलंय, म्हणून ती रिकामी आहेत. हेर्टाचं प्रेम मला पटलं. चक्रधरचा भित्रेपणा त्याहून जास्त पटला. तेव्हा निकष माझा, मोडणारही मीच. कुणी वाद घालायला येऊ नका.

एक मागणं आहे. सोलापुरात इंग्रजांनी १९३०मध्ये लावलेल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी अंमलावर, आणि १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवर दर वर्षी भाषणं होतात, हार पडतात. पण त्या दिवसांत गिरणीतल्या बदली कामगाराच्या घरी चूल कशी पेटत होती, हे सांगणारी कादंबरी मला अजून सापडलेली नाही. विडी वळणाऱ्या बायकांवर, यंत्रमागावर उचल घेऊन अडकलेल्या माणसावर कुणी काही चांगलं लिहिलं असेल, कथा असो की आत्मकथन, तर नाव सांगा. तेलुगूतलं असलं तरी चालेल, आईकडून वाचून घेईन. आणि कुणाकडे प्रत असेल तर वाचायला द्या. उधारीच्या बाबतीत गल्लीत माझी पत बरी आहे.