भट्टीत वाळवलेल्या पाईनची ताकद खरंच अर्धी होते?

आमच्या चंद्रपूरकडे घरबांधणी सुरू झाली की हा मेसेज फिरू लागतो: “पाईन भट्टीत उकळत्या उष्णतेत वाळवतात, त्यानं लाकडाची ताकद अर्धी होते. उन्हात वाळलेलंच घ्या.” तो वाचून शेजारच्या काकांनी भट्टीत वाळलेलं पाईन परत केलं आणि ओल्या लाकडाच्या चौकटी बसवल्या. होळीपर्यंत चौकटी पिळल्या, दारं लागेनात. म्हणून हे लिहितोय.

वाळल्यानं लाकडाची ताकद वाढते. ओल साधारण ३० टक्क्यांखाली उतरली की तंतू आवळतात. बिनगाठी पाईनचा तुकडा १२ टक्के ओलीला, ओला असताना पेलायचा त्याच्या दीडपटीहून जास्त भार पेलतो.

“उकळती उष्णता” हेही सरसकट खरं नाही. नेहमीच्या भट्ट्या बहुधा ८० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली चालतात आणि आतली हवा दमट ठेवतात. न्यूझीलंडचं रेडिएटा पाईन मात्र १२० अंशांवरही वाळवतात. मेसेजमध्ये काही सत्य असेल तर ते इथं आहे: १०० अंशांपुढे हेमिसेल्युलोज (लाकडाच्या पेशींच्या भिंतीतला एक घटक) आधी तुटू लागतं, आणि लाकूड ओलं असताना जितका वेळ तापेल तितकं नुकसान जास्त. त्यातही जातीजातीत फरक पडतो. डग्लस फर, हेमलॉक या पाईनसारख्याच झाडांच्या लाकडाची ताकद काहीशी घटते, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पाईनची फारशी नाही. ताठपणा जवळपास तसाच राहतो, घाव सोसण्याची ताकद आधी कमी होते. पण कुऱ्हाडीचा दांडा आपण पाईनचा करतोच कुठं? त्याला धावडाच लागतो.

मग ‘अर्धी ताकद’ आली कुठून? १६० अंशांपुढे तापवून मुद्दाम काळपट केलेलं लाकूड ठिसूळ होतं, पण तो प्रकारच वेगळा.

राहिलं ऊन. वैशाखातल्या ४५ अंशांत लाकडाची फळी उघड्यावर टाकली तर वरचा थर आधी आवळतो, आत ओल राहते आणि भेगा पडतात. सावलीत, मधे पट्ट्या देऊन रचली तर चांगली वाळते, पण वेळ लागतो. पावसाळ्यात तर ओल्या पाईनवर निळी बुरशी धरते.

पॅकिंगच्या पाट्यांवरचा ‘एचटी’ शिक्का पाहून लाकूड वाळलेलं समजू नका. गाभा ३० मिनिटं ५६ अंशांवर ठेवून कीड मारली, एवढाच त्याचा अर्थ.

आरा मशीनवर भट्टी किती तापली हे विचारण्याआधी वासा हातात घेऊन कडेची गाठ बघा. मोठी गाठ, तंतूंची तिरकी रेघ यांनी वासा जितका कमजोर होतो, तितका नेहमीच्या भट्टीनं होत नाही. ओल मोजायचं यंत्र असेल तर तुमच्यासमोर लावायला सांगा.