'काका, हा मुलांचा खेळ आहे' या प्रतिक्रियेला उत्तर

चव्वेचाळिशीत टेबल टेनिस शिकायला लागलो, त्यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली एका वाचकांनी नाव न लावता लिहिलंय : "काका, टेबल टेनिस हा मुलांचा खेळ आहे. लहानांचा हात एकदा दाखवलं की वळतो, मोठ्यांचा वळत नाही. चव्वेचाळिशीत सुरू केलेली ही नुसती हौस, त्यासाठी मुलांची टेबलं अडवू नका. आणि सर्व्हिस पाच-पाच नसते, दोन-दोन असते."

सर्व्हिसचं तुमचं बरोबर. २००१ पासून गेम २१ ऐवजी ११ गुणांचा झाला आणि सर्व्हिस दोन-दोनची, म्हणजे दर दोन गुणांनी ती समोरच्याकडे जाते. मी जुन्या सवयीनं पाच-पाच लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण 'काका' कशाला? सोलापुरात अनोळखी माणूसही काका म्हणतो, ते मला आवडतं. तुमच्या वाक्यात मात्र ते 'बाजूला व्हा' अशा सुरात आलंय. मुद्दा असेल तर मुद्दा मांडा, समोरच्याचं वय काढायची गरज काय?

आता 'मोठ्यांचा हात वळत नाही' याबद्दल. या हाताबरोबर मी दोन वर्षं काढलीत, तुम्ही एक ओळ लिहिलीत. पहिले चार महिने माझा फोरहँड टेबलाबाहेर जायचा, कारण गल्लीत वर्षानुवर्षं बॅडमिंटन खेळल्यामुळे फटका मनगटातून निघायचा. मुलाच्या हाताला अशी जुनी खोड नसते, म्हणून तो लवकर बसतो. इथपर्यंत कबूल. पण टेबल ७६ सेंटीमीटर उंच असतं. सात-आठ वर्षांचं पोर चेंडू जवळजवळ खांद्याशी घेतं, आणि उंची वाढली की तोच फटका त्याला नव्यानं बसवावा लागतो. माझी उंची आता बदलायची नाही. जो हात बसला तो बसला.

शिवाय मोठ्या माणसाला कारण सांगितलेलं कळतं. खालून कापलेला, म्हणजे उलटा फिरणारा चेंडू बॅटच्या रबरावर लागला की खाली उतरतो आणि नेटमध्ये जातो, म्हणून पुश करताना, म्हणजे तो हळूच पुढे ढकलताना, बॅट थोडी उघडी (वर कललेली) ठेवायची, हे सरांनी मला एकदाच सांगितलं. तेव्हापासून मी चेंडूकडे नंतर बघतो, सर्व्हिस करणाऱ्याची बॅट त्याला कुठे घासते ते आधी बघतो. सुट्टीत सकाळी येणारा नऊ वर्षांचा मुलगा रॅलीत मला दमवतो, पण कापलेली सर्व्हिस तो पाच वेळा नेटमध्ये घालतो आणि सहाव्या वेळी मलाच विचारायला येतो.

आणि मुलांचाच खेळ असेल तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये लक्झेंबर्गची नी शियालियान ६१ व्या वर्षी एकेरीची पहिली फेरी जिंकली, ते काय होतं? ती लहानपणापासून खेळते, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो.

मी लहानपणी का शिकलो नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. वडील गिरणीत होते. मी अकरावीत असताना गिरणी बंद पडली. कॉलेजच्या जिमखान्यात एकच टेबल होतं आणि टीममधल्या पोरांशिवाय कुणाच्या हातात बॅट देत नसत. तीन वर्षं मी खिडकीपाशी उभा राहून इतरांचे गुण मोजले, २१ पर्यंत, पाच-पाच सर्व्हिस धरून. लेखात चूक झाली ती तिथून आली. अशा माणसाला 'हौस' म्हणताना जरा विचार करायला हवा होता.

टेबलं अडवण्याचं म्हणाल, तर आम्ही सकाळी साडेसहाला खेळतो, मुलांचे वर्ग संध्याकाळी असतात. विषय संपला.

चेंडूचं वजन २.७ ग्रॅम, वाऱ्याची झुळूकही त्याला हलवते. म्हणून हॉलमध्ये खिडक्या लावून आणि पंखे बंद ठेवून खेळावं लागतं, मे महिन्यातही. सोलापूरचा मे तुम्हाला माहीत असेलच. एक दिवस या, तासभर उभे राहा, आणि मग ही नुसती हौस आहे असं पुन्हा लिहा. या वेळी नाव लावून.