प्रथिनाच्या आकाराबद्दल थोडं आणखी
लेख आवडला. पाणी, प्रथिनं, मेद, कर्बोदकं, डीएनए अशी पेशीतल्या रेणूंची ओळख सोप्या मराठीत करून दिलीत. फक्त ‘प्रथिनाचं काम त्याच्या आकारावर ठरतं’ हे एका ओळीत उरकलंत, तिथे सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं उदाहरण हवंच होतं.

रक्तातल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. ती हिमोग्लोबिन या ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाने गच्च भरलेली, एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू! हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की झाला सिकलसेल. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, त्याचं पाण्याशी जमतं. व्हॅलिन मात्र पाण्यापासून अंग चोरतं. त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ तंतू बनतात आणि लवचिक पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्यांत अडकली की असह्य कळा. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत संपते, म्हणून रक्तक्षय. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्येच याला रेणूचा आजार म्हटलं होतं.

गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार घराघरांत माहीत आहे. तिथल्या मुलांना पेशी शिकवताना हे फळ्यावर यायलाच हवं. आई-वडील दोघंही वाहक (सदोष जनुक अंगात असूनही स्वतः आजारी नसलेले) असतील तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के असते, आणि वाहक आहोत की नाही हे रक्ततपासणीत कळतं. पुढच्या भागात यावर सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.