ग्रेट सॉल्ट लेक लाकडी पुलाने दुभंगलं नाही

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकचा उपग्रहावरून टिपलेला फोटो अधूनमधून फिरत असतो. पाण्यातून गेलेली एक रेघ. तिच्या उत्तरेला गुलाबी पाणी, दक्षिणेला निळसर हिरवं. खालचा मजकूर साधारण असा: 1869 मध्ये देशाचे दोन किनारे जोडणारी रेल्वे या सरोवरावरच्या लाकडी पुलावरून गेली, पुलाने सरोवर दुभंगलं, पुढे मिठाने पूल कुजला आणि त्याच्याच पायी आता सरोवर आटतंय. फोटो अस्सल आहे, मजकूर नाही.

सालाचा घोळ आधी मिटवू. 10 मे 1869 रोजी रूळ जुळले ते सरोवराच्या उत्तरेला, प्रोमोन्टरी समिटवर, कोरड्या जमिनीवर. त्या मार्गाचे चढ आणि वळणं टाळायला सदर्न पॅसिफिक कंपनीने 1902 मध्ये ऑग्डेन ते ल्युसिन अशी थेट पाण्यातून जाणारी लाइन हाती घेतली आणि ती 1904 मध्ये सुरू झाली. अंतर सुमारे 70 किलोमीटरने कमी झालं.

आता ‘दुभंगलं’. या लाइनीतला लाकडी पूल जवळजवळ 19 किलोमीटर लांब होता. तळाच्या गाळात ठोकलेले लाकडी खांब आणि त्यांच्या आधारावर रूळ, अशी रचना. खांबांमधून पाणी इकडचं तिकडे जात होतं. दोन्ही टोकांकडे भराव होता हे खरं (आणि तो गाळात वारंवार खचून कंत्राटदारांना रडवत होता हेही), पण मधला मोठा पट्टा मोकळा होता. पाणी खरं अडलं 1959 मध्ये. त्या वर्षी जुन्या पुलाशेजारी दगड, वाळू आणि खडीचा सलग बांध पुरा झाला आणि गाड्या त्यावरून धावू लागल्या. पाण्याला वाट म्हणून ठेवल्या दोन मोऱ्या, प्रत्येकी जेमतेम साडेचार मीटर रुंद. एवढ्या अफाट सरोवराला!

बेअर, वेबर आणि जॉर्डन या तिन्ही मोठ्या नद्या बांधाच्या दक्षिणेला सरोवराला मिळतात. उत्तरेला गोडं पाणी फारसं पोचत नाही. जे पोचतं त्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून उत्तरेचं पाणी मिठाने जवळजवळ संपृक्त आहे. तिथे तग धरणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यांनी ते गुलाबी दिसतं. फोटोतली रेघ या बांधाची आहे, लाकडी पुलाची नव्हे.

कुजण्याची गोष्ट तर उफराटी आहे. इतक्या खारट पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी आणि पोखरणारे किडे टिकत नाहीत. 1990च्या दशकात पूल मोडून काढायला घेतला तेव्हा निघालेलं लाकूड इतकं चांगलं होतं की ते इमारतींसाठी विकलं गेलं. पूल मागे पडला तो वेगळ्या कारणांनी: एकेरी लाइन, जड गाड्यांना वेगमर्यादा, देखभालीचा खर्च आणि आगीची कायमची धास्ती.

उरलं आटणं. बांधाने सरोवरातल्या मिठाची आणि पातळीची वाटणी बिघडवली, पण नद्यांचं पाणी तो पीत नाही. शेती आणि शहरांसाठी नद्यांमधूनच पाणी वळवलं जातं, त्यात दुष्काळाची भर पडली आणि 2022 मध्ये पातळीने नीचांक गाठला. उलट 1980च्या दशकात सरोवर फुगलं, तेव्हा बांधामुळे दक्षिणेला पाणी तुंबलं होतं. शेवटी 1984 मध्ये सुमारे 90 मीटर बांध फोडून ते उत्तरेला सोडावं लागलं.

जुन्या दोन मोऱ्या 2012-13 मध्ये बंद झाल्या. त्यांच्याऐवजी बांधात 55 मीटरचा नवा पूल बांधून डिसेंबर 2016 मध्ये पाण्याला वाट करून दिली. त्या पुलाखाली दगडी उंबरठा आहे. उत्तरेचं अतिखारट पाणी दक्षिणेत शिरून तिथल्या खारकोळंबीच्या जिवावर उठू नये, म्हणून 2023 मध्ये हा उंबरठा आणखी उंच केला.