हिरोसेची वाळू आणि आमची भांडणे

पाऊस लांबला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षी तोच वाद पेटतो आणि दोन्ही बाजू साक्षीला जपानलाच उभे करतात. थोरल्या काकांच्या मते जपानी माणूस धरणे बांधतो, बेडकांची लग्ने लावत बसत नाही. धाकट्या काकांच्या मते त्याने देव सोडले नाहीत, म्हणूनच तो पुढे गेला. नारा प्रांतात राहणाऱ्या मला दोघांचाही सारखाच राग येतो.

कावाई गावातले हिरोसे देवस्थान दोघांनीही पाहिलेले नाही. नारा खोऱ्यातल्या नद्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथे पाण्याची आणि अन्नाची देवता वाकाउकानोमे हिचे ठाणे आहे. सम्राट तेम्मूने इ.स. 675 मध्ये तिची आणि तात्सुताच्या वायुदेवतेची पूजा करवल्याची नोंद ‘निहोन शोकी’ या जुन्या जपानी इतिहासग्रंथात सापडते. दर 11 फेब्रुवारीला शेतकऱ्याच्या वेशातला एक माणूस आणि बैलाचा मुखवटा चढवलेला दुसरा आवारात येऊन लोकांवर वाळू उधळतात, आणि रेनकोट व गॉगल घालून आलेले लोक ती त्यांच्यावर उलट उधळतात. वाळू म्हणजे पाऊस. धुमश्चक्री जितकी जोरात, तितका पाऊस चांगला आणि पीकही चांगले, अशी समजूत आहे. हा सगळा गोंधळ ठरल्या वेळी सुरू होतो आणि ठरल्या वेळी संपतो, हे आमच्याकडच्या मिरवणुकांच्या संयोजकांनी एकदा येऊन पाहावे.

याच खोऱ्यात पाऊस बेताचा असल्यामुळे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तळी खोदून भागवले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात योशिनो नदीचे पाणी डोंगरापलीकडून कालव्याने खोऱ्यात आणले गेले. कालवा आला म्हणून वाळू थांबली नाही आणि वाळूच्या भरवशावर कालवाही अडून राहिला नाही, ही साधी गोष्ट दोन्ही काकांच्या गळी उतरत नाही.

खरे तर त्यांना जपानची गरजच नव्हती. आमच्या धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या काठी बंधारे, फड म्हणजे पाळीने पाणी घेणारे शेतांचे गट, आणि पाणी वाटणारा पाटकरी ही व्यवस्था कित्येक शतके चालली. ती कशी क्षीण झाली, यावर गटात कोणी अवाक्षर काढत नाही.

मी हे गटावर लिहिले, तेव्हा चुलतभावाने विचारले की पाटातला गाळ काढायला तुझ्या घरचे शेवटचे कोण आले होते. इथल्या जिचिकाईच्या, म्हणजे वस्तीच्या रहिवासी मंडळाच्या, सफाईला मी न चुकता जातो, आणि गावी पैसे पाठवतो, असे मी त्याला कळवले. त्यावर त्याने नुसता अंगठा दाखवला, आणि काका पुन्हा बेडकांवर आले.